माझ्याखालचा कावळा

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो. कोंबड्या झाकतात ना, तसली, बांबूची, उपडी ठेवायची. नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी तो मागच्या रांगेतून पुढं सरकलेला पोरगा, त्यानं माझ्या काठाखाली घातलेली बोटं बाहेर काढावीत. माझ्याखाली आत्ता कुणी नाही. असतं तरी दाखवलं नसतं. जन्मभर मी 'उचलू नका' एवढंच सांगत आले आणि जन्मभर लोक मला उचलतच आले. आता सांगते ते तरी नीट ऐका.

माझा जन्म उमरेडचा. जिजाबाई नावाच्या बुरडिणीनं मला विणलं. ओला बांबू चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, त्या तासायच्या, मग विणायला बसायचं. तिचा हात मोठा घट्ट होता आणि तोंड सैल. विणता विणता ती मलाच बजावायची, "आतून गुळगुळीत राहाय बाई, नाई त कोंबडीचे पंख अडकतात." मी राहिले. आजही आतून हात फिरवून पाहा, एक कुसळ लागायचं नाही. पण नका फिरवू, उचलावं लागेल.

मला विकत घेतलं कवडूनं. हा मूळचा कुहीचा, पण नागपुरात शुक्रवार तलावाच्या अंगाला असलेल्या मुलींच्या शाळेत चपराशी होता. छोट्या लाईनच्या गाडीत मला ठेवायला जागा मिळेना, तर या बहाद्दरानं मला डोक्यावर उपडी घातली आणि नागपूर येईपर्यंत तसाच बसून राहिला. सगळा डबा हसत होता. आतून कवडूही हसत होता. मला मात्र काही हसू आलं नाही.

शाळेच्या मागं कवडूची खोली होती, तिथं त्याच्या कोंबड्या मी झाकायची. सुखाचे दिवस होते ते. कोंबडी बघायला कोण टोपली उचलतो? पुढं एका तिळसंक्रांतीला शहरभर 'ओ काट! ओ काट!' चालू असताना एक घार मांज्यात गुरफटून शाळेच्या पटांगणात धप्पकन पडली. मुली किंचाळल्या. वर्गातून प्रयागबाई धावत आल्या. या शाळेच्या मास्तरीणबाई. उंच, सडसडीत, आवाज असा की तलावापलीकडचा माणूस वळून बघेल. त्यांनी पदर खोचला, घारीवर पोतं टाकलं आणि ओरडल्या, "कवडू, तुही टोपली आण!"

"अन् कोंबड्या कुठी ठेवू बाई?"

"तुह्या खाटेखाली ठेव. आण म्हणते ना!"

झालं. त्या दिवसापासून माझी नोकरी बदलली. बाईंचा नियम साधा होता. जखमी पाखराला आधी अंधार द्यायचा, मग शांतता, मग औषध. माणसाचा चेहरा दिसला की त्याचा जीव घाबरून जातो, म्हणून वर मी आणि माझ्यावर पोतं. पण मुलींना कोण आवरणार! आणि मुलींचं सोडा, मोहल्ल्यातल्या थोरांनी काय कमी ताप दिला? एका आजीबाईंनी घारीला दूधभात आणला. घारीला, दूधभात! एकानं पोपटाच्या पंखांना हळद-तेल चोपडलं, जखम भरून येते म्हणून. तेलानं पिसं चिकटली आणि बिचारा उडायचाच थांबला. कुणी चोचीत पाणी ओतायचं, कुणी फुंकर घालायचं. सगळ्यांना दया येत होती हो, अगदी भरभरून. त्या दयेनं माझ्या नाकी नऊ आले.

बाईंची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडायची. रोज हजेरी झाली की त्या दुसरी हजेरी घ्यायच्या. "पिंगळा?" मुली खिडकीतून बघायच्या, छपराच्या कवेलूखाली, कौलाखाली हो, तो गोल डोळे करून बसलेला. "हजर बाई!" "चिंचेवरचे बगळे?" "हजर!" "पिंपळावरचे राघू?" "गैरहजर बाई, पेरूच्या बागेत गेले!" वर्ग खिदळायचा. बाई म्हणायच्या, "हे शहर आपल्या एकट्याचं नाई वं पोरींनो. या पाखरायचंबी हाये. यायचीबी हजेरी लागली पायजे." मी दाराशी उपडी पडून हे ऐकायची. माझ्याखालचं पाखरूही कान देऊन ऐकत असावं.

आता मुख्य गोष्ट. सांगताना अजून अंगाचा तिळपापड होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, रोगराईला गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. माणसांचा पूर नुसता. त्या गर्दीत कुणीतरी गलोलीनं दगड मारला आणि एक कावळा शाळेच्या भिंतीआड पडला. उजवा पंख मोडलेला. चौथीतली पुष्पलता त्याला ओच्यात घालून घेऊन आली. ही पोरगी म्हणजे माझी जन्माची वैरीण. मला सगळ्यांत जास्त वेळा हिनंच उचललं असेल. पण कावळ्यानं बोट फोडलं तरी तिनं त्याला खाली टाकलं नाही, हेही सांगायला हवं.

बाई त्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर आधी हसले. म्हणाले, "मी बैलांचा डॉक्टर आहे, बाई." पण पाहिलं त्यांनी. पंख अंगाशी धरून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधला आणि बजावलं, "तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची. हाड जुळेल. पण जास्त दिवस बांधून ठेवलात तर सांधा धरेल, मग तो जन्मात उडणार नाही." हे पुष्पलतेनं ऐकलं, कवडूनं ऐकलं, मीही ऐकलं. बाईंनी तर ऐकलंच ऐकलं.

मुलींनी त्याचं नाव हवालदार ठेवलं, कारण तो माझ्याखाली मान ताठ करून फेऱ्या मारायचा. रागीट होता. मला चोच मारायचा. आमचं जमलं.

रोज सकाळी उजाडलं की तो आपला बांधलेला खांदा माझ्या कामट्यांवर दाबायचा. पंख उघडायची धडपड. हळूहळू तो दाब वाढत चालला होता. मला कळायचं की आत हाड जुळतंय. मनात म्हणायची, थांब रे बाबा, थोडेच दिवस. मग मी उचलली जाईन ती शेवटची, आणि तू पटांगणातल्या त्या कडुलिंबावर.

तेवढ्यात पितृपक्ष लागला.

तुम्हाला ठाऊकच आहे, पितरांच्या नावानं पान वाढून छतावर ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत घरातलं कुणी जेवत नाही. पण त्या पंधरवड्यात घरोघर पानं. कावळे इतके तट्ट फुगलेले असतात की बोलावून येत नाहीत. आमच्या शाळेच्या कमिटीवर वामनराव नावाचे कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या वडलांना सगळे नानाजी म्हणत. नानाजींनी हयातीत मुलाच्या हातचा पाण्याचा पेलासुद्धा कधी गोड मानून घेतला नाही, असं कवडू सांगायचा. आणि गेल्यावरही दर वर्षी तेच. वामनरावांच्या घरच्या पानाला कावळा शिवायचा नाही. दुपार टळायची, पोरं रडायची आणि घरातली एक म्हातारी आत्या सगळ्यांदेखत म्हणायची, "वामन्यावरचा राग गेला नाई अजून त्यायचा."

त्या वर्षी तिथीच्या दिवशी वामनराव सोवळं नेसून, उघड्या अंगानं, हातात पान घेऊन भर उन्हात शाळेत आले.

"बाई, तुमच्या पाया पडतो. तुमच्यापाशी कावळा हाये म्हणतात."

"वामनराव, थो रोगी हाये."

"रोगी असला तरी कावळाच ना जी? आमच्या कवेलूवर एक बसून नाई राहिला. लेकरं सकाळपासून उपाशी हायेत."

बाईंना नाही म्हणवेना. मला उचलली. हवालदारानं पानाकडं पाहिलं, मान वाकडी केली आणि सरळ उडदाच्या वड्यावर तुटून पडला. वामनराव मातीतच बसले. एवढा मोठा माणूस, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. "नानाजी जेवले. पाह्यलं का बाई? माह्या हातचं जेवले नानाजी." मी चिडखोर आहे मित्रांनो, पण दगड नाही. मलाही भरून आलं.

पण ते तिथंच थांबायला हवं होतं ना! दुसऱ्या दिवशी दोन पानं आली. मग पाच. मग शाळेच्या फाटकाशी सोवळ्यातल्या माणसांची रांग लागायला लागली आणि कवडू रांग लावणारा मोठा साहेब झाला. "हळू घ्या जी, धक्का नका देऊ, सर्वायचे पितर जेवतीन." पुरी, खीर, कढी, वडे. मुली पळी-भांडी उचलण्यात गुंतल्या. दुसरी हजेरी बंद पडली. पिंगळा हजर होता की नव्हता, कुणी विचारलंसुद्धा नाही. मला दिवसातून इतक्या वेळा उचलून आपटली की माझी एक कड सुटली. कपाळ माझं!

तीन आठवडे झाले. ती सकाळ मला स्वच्छ आठवते. बाईंनी कात्री आणली. पुष्पलता शेजारी उकिडवी बसली. हवालदार माझ्याखाली खांदा दाबत होता, आता चांगला जोरानं. आणि नेमके वामनराव आले, बरोबर मोहल्ल्यातली आणखी माणसं.

"बाई, पट्टी आज नका सोडू. अमोशेपर्यंत ठेवा. सर्वपित्रीले किती घरं हायेत तुमच्या भरोशावर! पट्टी सोडली न् टोपली उचलली की थो भुर्रकन जाईन."

"डाक्टरनं आजची तारीख सांगितली हाये."

"आठ-दहा दिवसानं काय होते जी?" मग ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही कमिटीले इतक्या वर्सांपासून जाळीची खोली मागून राहिल्या ना पाखरांसाठी? मी बांधून देतो. नानाजींच्या नावानं."

ती खोली म्हणजे बाईंचा जीव की प्राण होती. त्या उन्हाळ्यात एक बगळा बरा झाला होता. उडायचा सराव करायला जागा नव्हती, म्हणून उघड्या पटांगणात सोडला, तर मांजरानं त्याला सगळ्या वर्गासमोर नेला. जाळीची खोली असती तर तो वाचला असता. त्याच्यासारखे पुढचे किती वाचले असते! बाई कात्री हातात धरून उभ्या राहिल्या. मी ओरडत होते, कापा, कापा ना पट्टी! पण टोपलीचं कोण ऐकतो?

बाईंनी कात्री मेजाच्या खणात ठेवून दिली.

"बाई, डाक्टरनं त..." पुष्पलता म्हणाली.

"तू गप बस वं!"

बाई कधी कुणा मुलीवर अशा ओरडल्या नव्हत्या. 

सर्वपित्री अमावास्या झाली. मला वाटलं, सुटलो. छे! ज्यांच्या घरी सुतक होतं त्यांचे महाळ, म्हणजे पितरांची श्राद्धं, राहिले होते, ते आले. मग कुणी गावाला गेलं होतं, ते आलं. हो म्हणायची एकदा सवय लागली की नाही शब्द तोंडातून निघत नाही, तसं बाईंचं झालं. दसरा गेला. आणि माझ्याखाली काय चाललं होतं ते फक्त मला माहीत. हवालदाराचा खांदा रोज सकाळी थोडा कमी दाबत होता. पोट मात्र सुटत चाललं होतं. मग एका सकाळी त्यानं खांदा दाबलाच नाही. माझ्या काठाशी येऊन बसला, पानाची वाट बघत. मला सांगायचं होतं हो कुणाला तरी! कुणाला सांगू? माझ्या तोंडी बांबू!

दिवाळीच्या तोंडावर पट्टी सोडली. पंख उघडला नाही. पुष्पलतेनं त्याला भिंतीवर ठेवलं आणि हात हलवून दाखवले, "उड ना हवालदार, असं, असं!" त्यानं एक उडी मारली, कुशीवर पडला, उठला आणि तुरुतुरु धावत माझ्यापाशी आला. टोपली उचला, आत जाऊ द्या म्हणून माझ्या कडेला चोच मारायला लागला. मी त्याला बरं करायला झाकलं होतं, आणि त्याला मीच घर वाटायला लागले. याच्याइतकी माझी फजिती आयुष्यात दुसरी झाली नाही. डॉक्टर म्हणाले, "सांधा धरला. आता काही उपाय नाही." बाई त्या दिवशी शाळा सुटल्यावरही मेजाशी बसून होत्या. खण उघडत होत्या, मिटत होत्या.

वामनरावांनी शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. सुंदर जाळीची खोली बांधून दिली, वर संगमरवरी पाटी, नानाजींच्या नावाची. त्या खोलीतून पुढं कितीतरी पाखरं उडून गेली. उन्हानं भोवळ येऊन पडलेले राघू, मांज्यानं चिरलेल्या घारी, तलावावरचे बगळे. दार उघडलं की मुली ओरडायच्या, "गेला वं, गेला!" आणि खाली जमिनीवर हवालदार मान वर करून बघायचा. प्रत्येक वेळी बघायचा. हा हिशेब बरोबर की चूक, ते तुम्ही शाळा शिकलेले आहात, तुम्ही सांगा. मला आजवर सुटलेला नाही. मला एवढंच दिसायचं की पितृपक्षात त्याला पंचपक्वान्नं यायची, आणि एरवी त्याच्या वाटीतलं पाणी संपलं तरी रांगेतल्या एकालाही आठवण व्हायची नाही. मुली होत्या म्हणून तो जगला.

काही वर्षांनी एका थंडीतल्या सकाळी तो माझ्या काठाशी मान टाकून पडलेला सापडला. पुष्पलता तेव्हा वरच्या वर्गात गेली होती, वेण्या लांब झाल्या होत्या. तिनं त्याला ओच्यात घेतलं, पहिल्या दिवशी घेतलं होतं तसंच. बाहेर लिंबावर कावळ्यांचा एकच कालवा उठला. इतके कावळे त्या झाडावर मी कधी पाहिले नव्हते. बाईंनी त्याला त्याच लिंबाखाली पुरला.

दहाव्या दिवशी पुष्पलता केळीच्या पानावर भाताचा गोळा घेऊन आली आणि तिनं तो भिंतीवर ठेवला. कवडू हसला. "काहून वं पोरी, कावळ्याचा दहावा कावळे खातीन का?"

"त्यानं सर्वायचे पितर जेववले," ती म्हणाली. "त्याले कोणीच नाई का?"

कवडूचं हसू मावळलं. सगळ्या मुली भिंतीशी जमल्या. लिंबावर कावळे गच्च बसलेले, पण एक खाली येईना. ऊन वर आलं. फाटकातून वामनराव आले. केस पांढरे झाले होते त्यांचे. त्यांनी हातातली पुरचुंडी सोडली आणि भाताशेजारी एक उडदाचा वडा ठेवला. हवालदार नेहमी वड्यापासूनच सुरुवात करायचा, ते त्यांच्या लक्षात होतं. तरी कावळे हलले नाहीत.

कावळा शिवत नसला की माणसं गेलेल्या जिवाला काहीतरी कबूल करतात. तुझ्या लेकराला सांभाळू, तुझं राहिलेलं काम करू. मुलींनाही ते ठाऊक होतं. एकीनं म्हटलं, "आम्ही रोज पाण्याची वाटी भरू." दुसरी म्हणाली, "आम्ही टोपली नाई उचलणार." मी मनात म्हटलं, बघू. कावळे बसूनच.

मग प्रयागबाई पुढं झाल्या. तो तलावापलीकडं पोचणारा आवाज त्या दिवशी जेमतेम भिंतीपर्यंत पोचला. "हवालदारा, मी यापुढं कोणासाठीबी, कशासाठीबी, एक दिवससुद्धा पट्टी जास्त नाई ठेवणार."

एक कावळा फांदीवरून भिंतीवर उतरला. पानाजवळ आला. मान वाकडी करून थांबला. शिवला मात्र नाही.

मग वामनरावांनी टोपी काढली. नानाजींच्या पाटीकडं एकदा पाहिलं, मग त्या कावळ्याकडं, आणि म्हणाले, "अन् मी मागणार नाई."

कावळ्यानं वडा उचलला.

भुकेला असेल, असं तुम्ही म्हणाल. असेल. मी कावळ्यांना ओळखते, तुमच्यापेक्षा जास्त. पण त्या दिवसापासून प्रयागबाईंच्या मेजाच्या खणातली ती कात्री जाळीच्या खोलीच्या दाराशी खिळ्याला टांगलेली आहे, आणि ठरलेल्या दिवशी ती खिळ्यावरून निघाली नाही असं एकदाही झालेलं नाही.

आता माझी कड पुरी उसवली आहे, माझ्याखालून चिमणीसुद्धा निसटेल. उद्या नवी टोपली येणार आहे म्हणतात. येऊ द्या. तिला जपा. आणि मित्रांनो, पाखरू सापडलं तर त्याच्यावर जीव लावा, पण त्याला आपल्या कामाला लावू नका. बरं झालं की सोडा. त्याच दिवशी.

आणि तू रे, मागच्या रांगेतल्या. बोटं काढ म्हटलं ना!